परवाना कुणाच्या नावे, पिस्तूल कुणाच्या हाती?

गेली काही वर्षे बचतगटांच्या बैठकांतून आणि कायदेविषयक शिबिरांतून एक प्रश्न वारंवार कानावर येतो आहे. पूर्वी शिबिर संपताना बायका पोटगीचे विचारीत, रेशनकार्ड वेगळे कसे करायचे ते विचारीत, सातबाऱ्यावर नाव कसे लावायचे ते विचारीत. आता त्यात भर पडली आहे. “ताई, बाईला पिस्तुलाचा परवाना मिळतो का हो?” विचारणारी हसत विचारते, शेजारच्या दोघीतिघी तोंडाला पदर लावतात आणि मग सगळ्या गप्प होऊन उत्तराची वाट बघतात. त्या गप्प होण्यावरून कळते की प्रश्न चेष्टेचा नाही.

हा प्रश्न हवेतूनही आलेला नाही. २०१३ च्या जानेवारीत, दिल्लीच्या बलात्काराच्या घटनेनंतर, शिवसेनेने मुंबईत बायकांना चाकू वाटले. पुढच्याच वर्षी, २०१४ च्या जानेवारीत, कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन अर्धा किलो, किंमत १,२२,३६० रुपये, खास बायकांसाठी म्हणून जाहिरात. दागिन्यांच्या डबीसारख्या मरून पेटीत ते मिळत असे. बाईला काही विकायचे तर दागिन्याच्या रूपातच विकावे लागते, ही समजूत शस्त्राच्या कारखान्यातही पोचलेली दिसते! आणि २०२५ च्या ८ मार्चला राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाच्या महिला नेत्या रोहिणी खडसे यांनी राष्ट्रपतींना पत्र लिहून स्त्रियांना ‘एक खून माफ’ करावा अशी मागणी केली. तिच्यातला उद्वेग आम्हाला समजतो. पण दहा-बारा वर्षांत आलेल्या या तिन्ही गोष्टींचा सूर एकच आहे: बाई, तुझे तू बघ.

म्हणून या अंकात प्रश्नाचे उत्तर सरळ देण्याचे ठरवले. मिळतो. बाईला पिस्तुलाचा परवाना मिळतो. शस्त्र अधिनियम १९५९ स्त्री-पुरुष असा भेद करीत नाही. वय २१ पूर्ण हवे. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात तुरुंगवासाची शिक्षा झालेली असेल तर ती भोगून संपल्यावर पाच वर्षांपर्यंत शस्त्र बाळगता येत नाही. अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्याकडे साताऱ्याला कलेक्टर कचेरीत करायचा. पोलीस आयुक्तालय आहे तिथे आयुक्तांकडे. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागतो, शारीरिक व मानसिक आरोग्याचा वैद्यकीय दाखला लागतो, आणि घरात शस्त्र नीट कुलुपात ठेवण्याची जबाबदारी अर्जदाराला घ्यावी लागते. मग जवळच्या पोलीस ठाण्याची चौकशी होते. तिचा अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही तर त्याची वाट न बघताही निर्णय देता येतो, अशी तरतूद कायद्यात आहे. कलम १४ असेही म्हणते की अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. नाकारला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, आणि कलम १८ खाली अपील करता येते. २०१९ च्या डिसेंबरात कायदा बदलला. त्यानंतर परवान्याची मुदत तीन वर्षांऐवजी पाच वर्षे झाली आणि एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवता येतात. ९ मिलिमीटरचे पिस्तूल सर्वसामान्यांना मिळत नाही; .३२ मिळते.

मात्र हे ध्यानात ठेवायचे की शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही. तो सरकारने दिलेला परवाना आहे आणि काढूनही घेता येतो. या गोष्टीकडे पुढे परत यायचे आहे, कारण आमच्या मते बायकांच्या कामाची गोष्ट हीच आहे.

फायदे आहेत का? आहेत. आम्ही ते नाकारणार नाही. मळ्यात, वस्तीवर एकट्या राहणाऱ्या बाईला मदत पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो. ११२ ला फोन लागला तरी गाडी पाणंद रस्त्याने यायची असते, पावसाळ्यात तीही नाही. अशा बाईकडे परवान्याचे शस्त्र आहे हे गावात माहीत झाले तर रात्री दारावर लाथा मारणारा दोनदा विचार करील. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने दिलेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये तो आहे, आणि खून, गंभीर इजा, बलात्कार, अपहरण, ॲसिडचा हल्ला यांची वाजवी भीती असेल तर हल्लेखोराचा जीव जाईपर्यंतही तो जातो. बायका कमरेला पिस्तूल लावणार या कल्पनेनेच ज्यांना हसू येते, ते पुरुषांच्या कमरेचे पिस्तूल पाहून हसत नाहीत, हेही आम्ही नोंदवून ठेवतो.

पण अर्ज करायला गेले की काय होते?

आमच्या सल्ला केंद्रात येणाऱ्या एका बाईने असा अर्ज केला. नवरा वारलेला, दोन मुली, वस्तीवरचे घर, बागायती जमीन आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला दीर. पाइप फोडणे, विहिरीवरची मोटर काढून नेणे, रात्री पत्र्यावर दगड. तिने ठाण्यात पाच वेळा तक्रार दिली होती. पाचही वेळा अदखलपात्र म्हणून ‘एन.सी.’ झाली आणि “घरातलं भांडण आहे, घरात मिटवा” असे सांगून तिला परत पाठवले गेले. परवान्यासाठी जिवाला धोका असल्याचे दाखवावे लागते. तो कशाने दाखवणार? ठाण्यात दाखल झालेल्या गुन्ह्यांनी. गुन्हे दाखलच करून घेतलेले नाहीत, म्हणून कागदावर धोका नाही. धोका नाही, म्हणून परवाना नाही. आणि ज्या ठाण्याने तक्रार घेतली नाही त्याच ठाण्याचा अहवाल कलेक्टरकडे जायचा. चौकशीला आलेल्या पोलिसाने शेजारी म्हणून जबाब कुणाचा घ्यावा? त्याच दिराचा. वर तिला विचारले, “घरात कोणी कर्ता पुरुष नाही का सही करायला?”

तिला परवाना मिळाला नाही. पण दुसरे एक झाले, ते सांगण्यासारखे आहे. अर्जाला जोडण्यासाठी आम्ही तिच्या पाचही एन.सी.च्या नकला तारीखवार लावल्या, फुटलेल्या पाइपचे फोटो लावले, मुलींच्या शाळेतल्या बाईंचे पत्र लावले. कलेक्टर कचेरीतून हे बाड ठाण्याकडे अभिप्रायासाठी गेले तेव्हा पाच तक्रारींवर काय कारवाई केली हे लिहून द्यायची पाळी ठाण्यावर आली. महिन्याच्या आत दिरावर चॅप्टर केस झाली आणि शांतता राखण्याचा बाँड त्याच्याकडून लिहून घेतला गेला. तो बाँड मोडला तर काय होईल हे त्याला कळते. पत्र्यावरचे दगड थांबले आहेत. याचा अर्थ सगळ्याजणींनी पिस्तुलाचे अर्ज भरावेत असा नाही. पण ज्या मैत्रिणीला मनापासून वाटते, तिने अर्ज जरूर करावा आणि नकार आला तर तो कारणांसह लेखी मागून घ्यावा. आपल्या भीतीची सरकारदरबारी नोंद व्हावी यासाठी एवढा खटाटोप करावा लागावा, ही मात्र लाजिरवाणी गोष्ट आहे.

ठाण्याच्या अहवालावर किती विसंबायचे, हे आपल्या जिल्ह्यात तरी कुणी आम्हाला विचारू नये. २०२५ च्या ऑक्टोबरात फलटणच्या उपजिल्हा रुग्णालयातील एका तरुण डॉक्टर मुलीने आत्महत्या केली. मरण्यापूर्वी तिने तळहातावर लिहून ठेवले, आणि त्यात बलात्काराचा आरोप होता तो एका पोलीस उपनिरीक्षकावर. त्याला पुढे अटक झाली. पण त्याआधी काही महिने त्या मुलीने वरिष्ठांकडे लेखी तक्रार केलेली होती. शिकलेली, सरकारी नोकरीतली, पोलिसांशी रोज कामाचा संबंध असलेली डॉक्टर. तिच्या कागदाची ही गत, तर वडापने पाचवडहून वाईला येऊन तक्रार देणाऱ्या मजूर बाईच्या कागदाची काय असेल? फलटणच्या त्या मुलीला पिस्तूल वाचवू शकले असते का, असा प्रश्न विचारणेसुद्धा क्रूरपणाचे वाटते.

आता दुसरी बाजू पाहू. परवाने मिळतात कुणाला?

२०२४ च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा खून झाला. त्या खुनात बंदूक वापरली गेली नव्हती, पण त्या निमित्ताने अंजली दमानिया यांनी जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा आकडा लोकांपुढे आणला. एका जिल्ह्यात बाराशेच्या वर परवाने! मग ते रद्द करण्याची धावपळ सुरू झाली. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत उल्हासनगरात सत्ताधारी पक्षाच्या आमदाराने जमिनीच्या वादातून थेट पोलीस ठाण्यात, निरीक्षकाच्या खोलीत, परवान्याच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. २०२५ च्या ऑक्टोबरात पुण्यात गदारोळ झाला तो याच विषयावरून: पोलीस आयुक्तांनी नाकारलेला एक परवाना गृहराज्यमंत्र्यांनी अपिलात मंजूर केला होता, आणि अर्जदार एका कुख्यात गुंडाचा भाऊ होता. आमच्या वस्तीवरच्या बाईला अपील करायचे तर पुण्याला विभागीय आयुक्तांकडे खेटे घालावे लागतील. काहींना मंत्र्याचे दार उघडे असते.

“मग बायकांनाही सत्ता मिळाली की परवाने मिळतील,” असे कुणी म्हणेल. मिळतातच. २०२४ च्या जुलैत मुळशीतली एक चित्रफीत सगळ्यांनी पाहिली. एका वादग्रस्त प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याची आई जमिनीच्या वादात शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवताना त्यात दिसत होती. तिला अटक झाली. बाईच्या हातात पिस्तूल आले म्हणून ते आपोआप दुबळ्यांच्या बाजूचे होत नाही. ज्या घरात पैसा, जमीन आणि ओळखी आहेत त्या घरात ते येते आणि त्या घराचेच काम करते.

या सगळ्यात पैशाचा हिशेबही विसरायला नको. ‘निर्भीक’च्या २०१४ च्या किमतीत तीनशे रुपये रोजाने शेतमजूर बाईचे चारशेहून अधिक दिवसांचे काम जाते. काडतुसे, प्रशिक्षण, सराव वेगळाच. सराव नसलेल्या हातातले पिस्तूल कुणाचे रक्षण करीत असेल, हे आम्हाला उमगलेले नाही.

पण पैसे असते, सराव असता, परवानाही सहज मिळाला असता तरी मुख्य प्रश्न शिल्लक राहतोच. आपल्याला धोका कुणाकडून आहे?

वाईकरांना उत्तर ठाऊक असायला हवे. २०१६ च्या जूनमध्ये अंगणवाडी सेविकांच्या संघटनेच्या अध्यक्ष बेपत्ता झाल्या. ऑगस्टमध्ये धोम गावच्या, स्वतःला डॉक्टर म्हणवणाऱ्या एका माणसाला अटक झाली आणि त्याच्या शेतातून प्रेते निघाली. २००३ पासून सहा जणांचे खून केल्याचा आरोप त्याच्यावर ठेवला गेला. सहापैकी पाच बायका. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे खून इंजेक्शन देऊन केले गेले. देशभरच्या वर्तमानपत्रांनी त्याला ‘डॉक्टर डेथ’ वगैरे नावे देऊन आठवडाभर मथळे केले. आपण मात्र दुसऱ्या गोष्टीपाशी थांबायला हवे. या बायकांना कुणी अंधाऱ्या बोळात गाठले नव्हते. माणूस त्यांच्या ओळखीचा होता, भरवशाचा होता, दुखणेखुपणे सांगावे असा होता. भरवशाच्या माणसापुढे कुणी पर्समधून पिस्तूल काढत नाही. आणि तेरा वर्षे एकेक बाई गावातून नाहीशी होत होती, तेव्हा कमी पडले ते शस्त्र नव्हे. “बाई गेली असेल कुठेतरी” एवढ्यावर जे समाधान मानले गेले, त्याने हा काळ लांबवला. बेपत्ता बाईच्या तक्रारीचा पहिल्या दिवसापासून कसून तपास झाला असता तर त्या यादीतली किती नावे आज हयात असती!

हे एकट्या धोमचे नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांत वर्षानुवर्षे बलात्काराच्या गुन्ह्यांतले नव्वद टक्क्यांहून अधिक आरोपी पीडितेच्या ओळखीचे असतात. संयुक्त राष्ट्रांच्या अहवालाप्रमाणे २०२३ साली जगात सुमारे ८५,००० स्त्रिया व मुलींचे खून झाले. त्यांपैकी ५१,००० हून अधिक जणींचे खून जोडीदाराने किंवा कुटुंबातल्या माणसाने केले. म्हणजे पिस्तूल ज्याच्यापासून वाचण्यासाठी घ्यायचे तो बहुधा त्याच घरात राहतो, कपाटाची किल्ली कुठे असते हे त्याला माहीत असते, आणि झटापट झाली तर ताकद त्याची जास्त असते. अमेरिकेत जॅकलिन कॅम्पबेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली अकरा शहरांतल्या अशा खुनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मारहाण करणाऱ्या पुरुषाच्या हाताशी बंदूक असेल तर बाईचा जीव जाण्याचा धोका पाचपट वाढतो, असे त्यांना आढळले. त्या देशात बंदुका आपल्यापेक्षा कितीतरी सहज मिळतात. तिथल्या बायका त्यामुळे निर्धास्त झाल्या असे त्यांच्या संघटना म्हणत नाहीत.

इतके लांब कशाला? आपल्याच देशात मणिपुरात बंदुका घराघरांत शिरल्या आहेत. बिनालक्ष्मी नेप्रम यांनी २००४ पासून तिथे गोळीबारात घरचे माणूस गमावलेल्या बायकांची संघटना बांधली. ‘निर्भीक’ बाजारात आले तेव्हा सर्वात कडक टीका त्यांनीच केली होती. बायकांना पिस्तूल विकणे म्हणजे संरक्षण देता येत नाही याची सरकारने दिलेली कबुली आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. २०२३ च्या मे महिन्यात तिथे पोलिसांच्या शस्त्रागारांतून हजारो शस्त्रे लुटली गेली. त्याच महिन्यात बायकांची धिंड निघाली. शस्त्रे भरपूर होती, पण बायकांच्या वाट्याला सुरक्षितता आली नाही.

बंदूक म्हटले की आम्ही दचकतो आणि अहिंसेची पोथी उघडतो, असे मात्र कुणी समजू नये. सातारा-सांगलीच्या बायकांना बंदूक परकी नाही. प्रतिसरकारच्या लढ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई पाटील भूमिगतांचे काम करीत होत्या. १९४३ च्या सुमारास सांगलीकडच्या भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर त्यांनी आणि साथीदारांनी एक सोंग वठवले. दारूडा नवरा बायकोला भर रस्त्यात मारतो आहे, असे. मार मात्र बऱ्यापैकी खरा होता. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले, दोघांची समजूत घालू लागले, आणि तेवढ्यात बाकीच्यांनी ठाण्यातली शस्त्रे लांबवली. हौसाताई २०२१ साली गेल्या. त्यांच्या धाडसाचे कौतुक सगळेच करतात. आमचे लक्ष मात्र जाते ते सोंगाच्या विषयाकडे. ब्रिटिशांच्या पोलिसांना ते खरे वाटले, कारण नवऱ्याने बायकोला मारणे ही इतकी रोजची गोष्ट होती. आणि पोलिसांनी काय केले? समजूत घातली आणि नांदायला पाठवायची भाषा केली. आज ऐंशी वर्षांनी ठाण्यात गेलेल्या बाईला ऐकावे लागते ते याहून किती वेगळे आहे?

त्या लढ्यातली बंदूक एकट्यादुकट्याची नव्हती. ती संघटनेची होती, तिचा हिशेब संघटनेला द्यावा लागत होता, आणि बायकांना छळणाऱ्यांना जाब विचारणारी गावची न्यायव्यवस्था तिच्यामागे उभी केलेली होती. आजचे परवान्याचे पिस्तूल एका माणसाच्या नावावर, त्याच्या एकट्याच्या कपाटात असते.

त्या कपाटाकडेच आता लक्ष वळवले पाहिजे, असे आमचे म्हणणे आहे. कारण बाईला पिस्तूल मिळते की नाही हा प्रश्न शंभरात एकीचा असेल, पण नवऱ्याच्या, दिराच्या, सासऱ्याच्या परवान्याच्या पिस्तुलासोबत एका छपराखाली राहणाऱ्या बायका आज आपल्या जिल्ह्यात आहेत, आणि त्यांच्याविषयी कुणी बोलत नाही.

अशी एक आमच्याकडे आली. नवरा ठेकेदार, गावात वजन असलेला. त्याने तिच्यावर कधी पिस्तूल रोखले नाही. तो फक्त जेवायला बसला की ते ताटाशेजारी ठेवी. बहिणीच्या हक्कसोडपत्रावर सही हवी होती तेव्हा बहिणीला जेवायला बोलावले आणि ते तसेच ताटाशेजारी ठेवले. बहिणीने सही केली. यात गुन्हा कुठला लिहायचा? कोणते कलम? आम्ही तिला विचारले, गेल्या वर्षात तुला शांत झोप कधी लागली? ती म्हणाली, “इलेक्शनच्या टायमाला.” २०२४ मध्ये दोन निवडणुका झाल्या, लोकसभेची आणि विधानसभेची. दोन्ही वेळा आचारसंहितेमुळे पिस्तूल ठाण्यात जमा झाले होते. निकाल लागले आणि ते घरी परत आले.

मैत्रिणींनो, मतदानात दहशत नको म्हणून सरकार काही आठवडे पिस्तूल काढून घेऊ शकते. मग घरातली दहशत मोडायला ते का काढून घेता येऊ नये? येते. शस्त्र अधिनियमाच्या कलम १७ प्रमाणे सार्वजनिक शांततेसाठी वा सुरक्षिततेसाठी आवश्यक वाटल्यास परवाना स्थगित किंवा रद्द करता येतो. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा, त्याचे नियम २००६ चे. त्यांतल्या नियम १० प्रमाणे दंडाधिकाऱ्यांनी लेखी आदेश दिला तर संरक्षण अधिकारी पोलिसांच्या मदतीने हिंसाचारात वापरलेले शस्त्र जप्त करू शकतात. ही तरतूद आमच्यापैकीच कितीजणींनी आजवर वापरली? अर्ज भरताना आपण निवास मागतो, पोटगी मागतो, मुलांचा ताबा मागतो. घरात शस्त्र आहे का, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. यापुढे आमच्या केंद्रात पहिल्या मुलाखतीतच तो विचारला जाईल. ताटाशेजारच्या पिस्तुलाच्या बाबतीत आम्ही दोन्हीकडे अर्ज केले आहेत.

दुसरी मागणी परवाना देण्याच्या वेळची आहे. चौकशीत पोलीस पाटील, शेजारी, गावातले प्रतिष्ठित, सगळ्यांना विचारतात. बायकोला कोण विचारतो? कॅनडात १९९५ च्या कायद्याप्रमाणे अर्जावर सध्याच्या आणि गेल्या दोन वर्षांतल्या जोडीदाराची सही मागतात. सही नसेल तर त्या जोडीदाराला अर्जाची खबर दिली जाते. बंदुकीचा हक्क राज्यघटनेतच लिहिणाऱ्या अमेरिकेतही तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये, घरगुती हिंसेमुळे ज्याच्यावर न्यायालयाचा मनाई आदेश आहे त्याच्याकडून बंदूक काढून घेणारा कायदा उचलून धरला. आपल्याकडे छळाची केस चालू असलेल्या, संरक्षण आदेश निघालेल्या माणसाचा परवाना शिक्षा होईपर्यंत आपोआप थांबत नाही. शिक्षा किती जणांना होते हे आपण जाणतोच. तेव्हा नवीन परवाना देताना आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करताना घरातल्या बायकांचा जबाब स्वतंत्रपणे, पुरुषांच्या माघारी आणि महिला पोलिसाने घेतलाच पाहिजे. तो जबाब गुप्त राहिला पाहिजे, नाहीतर तो घेण्याचाच तिला जाच होईल.

सगळेच परवाने रद्द करा, असे आम्ही म्हणत नाही. फौजेतून निवृत्त होऊन बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभे राहणारे आपल्या घरोघरचे आहेत. त्यांची चूल त्या परवान्यावर पेटते. जावळी-महाबळेश्वरकडे रानडुकरे एका रात्रीत पीक आडवे करतात, तिथे शेतीसंरक्षणाची बंदूक लागते. या परवान्यांना घरातल्या बाईचा जबाब जोडल्याने कुणाचे काही बिघडणार नाही.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या कलेक्टर कचेऱ्यांत माहिती अधिकाराखाली अर्ज टाकायचे ठरले आहे. एकूण परवाने किती, त्यांत स्त्रियांच्या नावे किती, स्त्रियांचे किती अर्ज आले आणि किती नाकारले, किती चौकशांत पत्नीचा जबाब घेतला, आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कारणावरून गेल्या पाच वर्षांत किती परवाने स्थगित झाले. अर्जाचा नमुना याच अंकात शेवटच्या पानावर दिला आहे. खंडाळा, कोरेगाव, पाटण, वाळवा, खानापूरकडच्या गटांनी आपापल्या भागातल्या अशा घरांची माहिती, नावे न लिहिता, पुढचा अंक छपाईला जाण्यापूर्वी आमच्याकडे पाठवावी. पोस्टाने पाठवणार असाल तर पाकिटावर पाठवणारीचे नाव नको.